एक तार कीं सहा?

आमच्या बैठकीच्या खोलींत सहा स्पीकर आहेत असें आम्हीं सांगितलें म्हणजे ऐकणाऱ्यास आमच्या सांपत्तिक स्थितीविषयीं उगाच भ्रम होतो. तो दूर करण्यास ती खोली एकदां पाहणें पुरेसें आहे. चौदा फूट लांब व दहा फूट रुंद अशा त्या जागेंत एक दिवाण, दोन वेताच्या खुर्च्या, पुस्तकांचें कपाट, सौभाग्यवतींचें शिवणयंत्र आणि दाराआड उभी केलेली इस्त्रीची फळी ही मंडळी पूर्वींपासूनच अंग चोरून नांदत होती. त्यांत २००४ सालीं आमचा भाचा अमेरिकेहून कायमचा परत आला, आणि आपला रिसीव्हर व पांच लहान स्पीकर त्यानें आमच्या पदरांत टाकले. "मामा, नव्या घरांत हें ठेवायला जागा नाहीं," असें तो म्हणाला. त्याचें नवें घर आमच्या घराच्या दुप्पट आहे. परंतु धर्माच्या गाईचे दांत पाहूं नयेत हें जाणून आम्ही गप्प राहिलों. १२० व्होल्टांवर चालणाऱ्या त्या परदेशी पाहुण्यासाठीं आम्हीं विटेएवढा एक ट्रान्सफॉर्मर आणला; खर्जाचा भार वाहणारा सहावा स्पीकर, ज्यास सबवूफर म्हणतात, तो येथेंच विकत घेतला; तबकड्या वाजविणारा एक प्लेअर घेतला; आणि मग त्या प्लेअरपासून रिसीव्हरपर्यंत ध्वनि न्यावयाचा कसा, हा प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला. वीस वर्षें होऊन गेलीं, पण त्या प्रश्नाचा मुक्काम अजून आमच्या घरून हललेला नाहीं.

प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. प्लेअरच्या पाठीवर एका बाजूस सहा गोल भोकांची रांग असते. तेथून सहा तारा निघून रिसीव्हरच्या तशाच सहा भोकांत जातात. प्रत्येक स्पीकरची तार निराळी. ही ॲनालॉग जोडणी. दुसऱ्या बाजूच्या भोकांतून एकच तार निघते आणि सहाही स्पीकरांचा मजकूर ती एकटी नेते. ही डिजिटल जोडणी. ॲनालॉग तारेंतून जाते ती ध्वनीची लाट. विजेच्या रूपानें खरी, पण लाटच. गवयाचा आवाज चढला कीं तारेंतला दाब चढतो, उतरला कीं उतरतो. डिजिटल तारेंतून ध्वनि जातच नाहीं. जातो तो ध्वनीचा हिशेब. साध्या सी.डी.चें उदाहरण घेतलें, तर एका सेकंदांत ४४,१०० वेळां लाटेची उंची मोजून ती आंकड्यांत लिहिलेली असते. हे आंकडे कोणास ऐकूं येत नाहींत. कोणीतरी ते वाचून त्यांची पुन्हां लाट करावी लागते. सहा तारा लावल्या तर हें वाचन प्लेअर करतो आणि रिसीव्हरच्या हातीं तयार लाट देतो. एक तार लावली तर प्लेअर वही न वाचतां नुसती पुढें सरकवितो आणि वाचन रिसीव्हर करतो. हिशेब कोणीं वाचावा, एवढाच काय तो वादाचा मुद्दा. तारांच्या जातीवरून हिरीरीनें भांडणाऱ्यांपैकीं निम्म्यांना आपण दोन तारांविषयीं नव्हे, तर दोन कारकुनांविषयीं बोलत आहों याची दाद नसते. आम्हांसही पुष्कळ वर्षें नव्हती.

आम्ही पहिल्यापासून सहा तारांच्या पक्षाचे. त्यास एक कारण सबळ होतें व एक लाजिरवाणें. सबळ कारण असें कीं, १९९९ सालीं एस.ए.सी.डी. या नांवाची एक नवी तबकडी निघाली. तींत लाटेची नोंद सेकंदास २८,२२,४०० वेळां होते. प्रत्येक नोंद केवळ एका शून्याची किंवा एकाची, पण नोंदींचा असा मुसळधार पाऊस. आणि सहाही स्पीकरांसाठीं निरनिराळें वादन त्या तबकडींत मावतें. परंतु कोणी हुबेहूब नक्कल करील या धास्तीनें काढणाऱ्यांनीं हा हिशेब नेहमींच्या डिजिटल तारेंतून बाहेर पडूं दिला नाहीं. शिवाय तेवढें ओझें त्या तारेला पेलण्यासारखेंही नव्हतें. त्यामुळें आमच्यासारख्या सामान्य घरांत ती तबकडी सहा स्पीकरांवर ऐकावयाची तर सहा ॲनालॉग तारांवांचून गत्यंतर नव्हतें. भाच्यानें अशा चार तबकड्या आम्हांस दिल्या होत्या. त्यांतली एका युरोपीय वाद्यवृंदाची तबकडी प्रथम लावली, तेव्हां व्हायोलिनें समोर वाजत होतीं आणि त्या सभागृहाचा घुमारा आमच्या मागून, कपाटावरून येत होता. आम्हीं चमकून मागें पाहिलें. कपाटावर जुने दिवाळी अंक होते.

लाजिरवाणें कारण म्हणजे शुद्धतेचा अभिमान. आमच्या वाचनांत असें आलें होतें कीं, सी.डी.वर दोन स्पीकरांच्या मजकुरास सेकंदाला १४,११,२०० शून्य-एकांची जागा लागते, आणि चित्रपटाच्या डी.व्ही.डी.वर डॉल्बी डिजिटल नांवाच्या पद्धतीनें सहा स्पीकरांचा मजकूर फार तर ४,४८,००० इतक्या जागेंत बसविलेला असतो. दोघांच्या अंथरुणाच्या तिसऱ्या हिश्शांत सहा जणांना निजविण्याचाच हा प्रकार! मोठ्या आवाजाच्या छायेंत जो बारीक आवाज कानास ऐकूंच आला नसता, तो गाळून ही काटकसर साधतात. हें वाचल्यापासून डिजिटल तारेकडे आम्ही भेसळीच्या दुधाकडे पाहावें तसें पाहूं लागलों. वास्तविक गाळणी झाली ती तबकडी तयार होतांना. उलगडण्याचें काम प्लेअरनें केलें काय किंवा रिसीव्हरनें केलें काय, गाळलेला कण परत येत नाहीं. परंतु अभिमानापुढें एवढा विचार कोण करतो? तबकडी गाण्याची असो कीं चित्रपटाची, आमच्या घरीं ती सहा तारांवरूनच वाजूं लागली. त्या सहा भोकांतून आलेल्या लाटेस आमचा रिसीव्हर हात लावीत नसे. आवाज लहान-मोठा करी, बाकी जशी आली तशी स्पीकरांकडे पाठवी. हा त्याचा अलिप्तपणाच आम्हांस मोठा सद्गुण वाटे.

त्या सहा तारांच्या खरेदीसाठीं आम्ही तपकीर गल्लींत गेलों होतों. पुण्याच्या बुधवार पेठेंतील ही गल्ली म्हणजे विजेच्या सामानाचें माहेरघर. ज्यास नांव ठाऊक नाहीं असा भागही तेथें नुसत्या खुणांनीं मागतां येतो. दुकानदारानें आम्हांस ॲनालॉग तारा दिल्याच, वर एक जाडजूड डिजिटल तार दाखवून "साहेब, हिच्यानें आवाज गोड येतो" असेंही सांगितलें. तिची किंमत ऐकून आम्हीं ती सोडून दिली, आणि तो आमचा त्या दिवसाचा एकमेव शहाणपणा. हिशेब पोंचतो किंवा पोंचत नाहीं. सोन्याच्या पेटींतून नेला म्हणून बेरीज वाढत नाहीं. पुढें कळलें कीं, प्लेअरबरोबर चित्रासाठीं जी पिवळ्या टोंकाची साधी तार येते तीच डिजिटल ध्वनीसाठीं लावली तरी काम चोख होतें, कारण दोन्हींचा रोध ७५ ओहमच असतो. हा खर्च वांचविण्याचा मार्ग आम्हीं पुढें अनेकांस सांगितला, पण फुकटच्या सल्ल्यावर लोकांचा विश्वास बसत नाहीं.

असा आमचा संसार पुष्कळ वर्षें सुखानें चालला, म्हणजे आम्हांस तो सुखाचा वाटत होता. मग दोन वर्षांपूर्वीं केबलवाल्यानें आमच्या इमारतींतली टीव्हीची तार बदलली, आणि त्याच रात्रीं घरांत 'घुंऽऽ' असा एक आवाज सुरू झाला. तबकडी लावण्यापूर्वींच यंत्रानें आपला खर्ज लावलेला असे, आणि गवई आल्यावर तो त्याच्याशीं जुळेल तर शपथ! आम्हीं ट्रान्सफॉर्मरवर संशय घेतला, त्याच्याखालीं रबराचा तुकडा घातला. प्लग उलटा करून पाहिला. सहा तारा एकामागून एक उपटून पुन्हां बसविल्या. शेवटीं भाच्यास फोन केला. "मामा, केबलवाल्याची वायर टीव्हीमागून सोडवून बघ," तो म्हणाला. सोडविली, आणि घुंकार तत्काळ थांबला. झालें होतें तें असें: इमारतीच्या गच्चीवरून येणाऱ्या त्या तारेच्या वेष्टणाचा जमिनीशीं एके ठिकाणीं संबंध, आणि आमच्या सबवूफरच्या तीन पायांच्या प्लगामुळें दुसरीकडे संबंध. टीव्ही, प्लेअर, सहा तारा, रिसीव्हर, सबवूफर अशी मधली साखळी पुरी झाल्यामुळें एक मोठें कडें तयार झालें, आणि भिंतींतल्या विजेची सेकंदाला ५० हेलकाव्यांची धडपड त्या कड्यांतून फिरूं लागली. ॲनालॉग तार भोळी. तिच्यांत जें शिरेल तें ती गाणें समजून पुढें नेते.

"मग ऑप्टिकल लाव," भाचा म्हणाला. डिजिटल तारेची ही दुसरी जात. १९८३ सालीं तोशिबानें काढलेली. तिच्यांत तांबें नसतें, प्लॅस्टिकचा बारीक तंतू असतो व त्यांतून प्रकाशाची उघडझांप जाते. विजेचा संबंधच तुटल्यामुळें तें कडें पुरें होत नाहीं. आम्हीं ती आणून एक टोंक प्लेअरला लावलें, तेव्हां दुसऱ्या टोंकावर कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका उमटला. एवढ्याशा ठिपक्यांतून सहा स्पीकरांचा मजकूर जातो हें पाहून शुद्धतेचा आमचा अभिमान थोडा डळमळला. मात्र एक अट होती. त्या सहा तारा जागेवर राहिल्या तर कडेंही राहणार, म्हणून त्या काढणें भाग होतें. दोन्ही जोडण्या ठेवून मनास येईल तेव्हां बदलाव्या, ही सोय उरली नाहीं.

आतां वाचन रिसीव्हरकडे गेलें, म्हणून त्यास खोलीची ओळख करून देणें आलें. आमचा मागचा डावा स्पीकर कपाटावर, दिवाणापासून तीन फुटांवर. मागचा उजवा देव्हाऱ्याच्या बाजूस, नऊ फुटांवर. एक फूट चालावयास ध्वनीस सेकंदाचा सुमारें एक सहस्रांश लागतो. हें अंतर रिसीव्हरला सांगितलें कीं जवळच्या स्पीकरास तो तितका वेळ थोपवून धरतो. सहा तारांच्या काळीं हें कोणीच करीत नव्हतें, आणि आम्ही त्यास शुद्धता म्हणत होतों. सौभाग्यवतींच्या शिवणाच्या टेपनें आम्हीं अंतरें मोजलीं. मग प्रत्येक स्पीकरचा आवाज सारखा करण्यासाठीं रिसीव्हर स्वतःच पावसाच्या सरीसारखा 'शूऽऽ' असा आवाज काढून एकेका स्पीकरांतून फिरवितो. सौभाग्यवतींना त्यांच्या नेहमींच्या जागीं बसवून आम्ही रिमोट घेऊन उभे राहिलों. समोरचा डावा, मधला, समोरचा उजवा, मागचा उजवा. प्रत्येक वेळीं त्या मान हलवीत होत्या. मग त्या थांबल्या, वाट पाहूं लागल्या, आणि म्हणाल्या, "अहो, मागचा डावा लावायचा राहिला का?"

तो लावलेलाच होता. कपाटावरून, त्यांच्या डाव्या कानापासून तीन फुटांवर, तो स्वच्छ 'शूऽऽ' करीत होता.

पुढचें थोडक्यांत सांगतों. कानाच्या डॉक्टरांनीं तपासून आलेख काढला. दोन्ही कानांत वरचे स्वर गेले होते, डाव्यांत फार. वय झालें म्हणजे बहुधा वरचेच स्वर आधीं जातात, आणि आपल्या बोलण्यांतले 'स', 'श', 'त', 'थ' तेथेंच राहतात; स्वर ऐकूं येतात, व्यंजनें गळतात. "ऐकूं येतं, पण कळत नाहीं," असें त्या डॉक्टरांना म्हणाल्या. हें वाक्य त्या आम्हांस कधीं म्हणाल्या नव्हत्या. फार पूर्वीं चित्रपट चालूं असतांना "तो काय म्हणाला?" असें त्या विचारीत असत, आणि आम्ही, चित्रपटाकडे डोळे लावून, अर्धेंमुर्धें उत्तर देत असूं. नंतर त्यांनीं विचारणें सोडलें. आम्हीं त्याचा अर्थ असा केला होता कीं, सहा तारांमुळें आवाज सुधारला. आम्हीं हसलों कीं त्या हसत. किती वर्षें, तें आम्हांस सांगतां येत नाहीं. त्यांना विचारलें तर त्या "जाऊं द्या" म्हणतात.

चित्रपटांतलें बोलणें बहुतेक मधल्या स्पीकरांतून येतें. समोरच्या दोघांतून संगीत व गोंगाट, मागच्या दोघांतून पाऊस, पाखरें, मोटारी. डिजिटल तारेवर आम्हीं मधला स्पीकर चार डेसिबल चढविला, मागचे दोन उतरविले, आणि रिसीव्हरमधली रात्रीची एक सोय चालूं केली. तिच्या योगें स्फोट दबतात आणि कुजबुज वर येते. ही सोय प्लेअरमध्यें होती कीं नव्हती हें आम्हीं कधीं पाहिलेंच नव्हतें. मधल्या स्पीकरवर झांकलेला कशिद्याचा रुमालही काढला. शुद्धतेच्या दृष्टीनें हा सारा व्यभिचारच. ध्वनिलेखन करणाऱ्यानें ठरविलेलें प्रमाण आम्हीं बिघडविलें. त्या रात्रीं १९३६ सालचा 'संत तुकाराम' लावला. प्रभातच्या त्या चित्रपटाचा ध्वनि मुळांत एकेरी. सहा स्पीकरांचा त्याला उपयोग काय, असें आम्ही नेहमीं म्हणत आलों. पण सहा तारांवरून तो समोरच्या दोन स्पीकरांत विभागून येई, आणि रिसीव्हरच्या हातीं हिशेब येतांच त्यानें दोन्हींकडचा मजकूर एकच आहे हें ओळखून तो सगळा मधल्या स्पीकरावर आणला. तुकोबा समोरून, एका जागेवरून बोलूं लागले. जिजाईचें पहिलें फणकाऱ्याचें बोलणें झालें आणि सौभाग्यवती आमच्या आधीं हसल्या.

भाच्याचें म्हणणें असें कीं हा सारा खटाटोप कालबाह्य आहे. २००२ च्या अखेरीस एच.डी.एम.आय. नांवाची तार निघाली. चित्र व ध्वनि एकाच तारेंतून जातात. २००५ पासून तिला एस.ए.सी.डी.चा हिशेबही नेतां येतो, आणि त्यानंतरच्या वर्षीं जी सुधारलेली जात आली तीवरून डॉल्बीचे न गाळलेले प्रकारही जातात. नवा रिसीव्हर घ्यावा, एक तार लावावी, जुनें सामान विकून टाकावें. त्याचें म्हणणें खोटें नाहीं, आणि ज्याच्या घरीं आज नवी खरेदी व्हावयाची आहे त्यानें दुसरा विचार करूं नये. फक्त तेथेंही रिसीव्हरला अंतरें सांगावयास विसरूं नये, आणि घरांत कोणास कसें ऐकूं येतें तें आधीं विचारावें. कोणती तार घ्यावी हें दुकानांत कळतें, हें कळत नाहीं. केबलच्या तारेंत बसवावयाचा एक छोटा विलगक मिळतो, त्यानें घुंकार जातो व दोन्ही जोडण्या एकत्र नांदूं शकतात, असेंही भाच्यानें सुचविलें आहे. तपकीर गल्लींत आम्हीं तो हातांत घेऊन पाहिला. घेतला नाहीं. कंजूषपणा हें त्याचें सगळें कारण नव्हे.

कारण असें कीं, सध्यां आमच्या घरीं आठवडाभर एक तार असते व रविवारीं सकाळीं सहा. त्या चार तबकड्या अजून आहेत, आणि वाद्यवृंदाच्या खर्जाच्या व्हायोलिनी सौभाग्यवतींना आमच्याइतक्याच ऐकूं येतात. वरच्या येत नाहींत, पण त्या ऐकण्यास त्यांना पूर्वीं तरी कोठें सवड होती! यंत्र नव्हे, दोऱ्याची पेटी उघडून त्यांनीं सहाही तारांना निरनिराळ्या रंगांचे दोरे बांधून दिले आहेत, कारण कपाटामागच्या अंधारांत आमचे डोळे आतां चालत नाहींत. पूजा आटोपली कीं आम्ही केबलवाल्याची तार सोडवितों, लाल ठिपक्याची तार काढतों आणि पोटावर पडून एकेक टोंक भोकांत बसवूं लागतों. त्या वरून टॉर्च धरतात. गेल्या रविवारीं पांच तारा बसल्या आणि एक हातांत राहिली.

"हिरवी मधली ना?" त्यांनीं विचारलें.

आम्हीं कपाटामागून "हो" म्हटलें. मग ध्यानांत आलें, आणि डोकें बाहेर काढून, त्यांच्या उजव्या बाजूस वळून, जरा मोठ्यानें पुन्हां "हो" म्हटलें.